गैरहजर विद्यार्थी पास कसा झाला? – स्प्रेडशीटमधील अंक आणि अक्षरे

काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका कार्यशाळेत आम्ही संगणकावरील हिशेबांविषयी बोलत होतो. चहाच्या सुट्टीत एक शिक्षिका आपल्या वर्गाच्या निकालाचा तक्ता घेऊन आल्या. एका रकान्यात गुण होते आणि शेजारच्या रकान्यात संगणकाने काढलेला शेरा. सूत्र अगदी साधे होते: गुण ३५ किंवा अधिक असतील तर 'पास', नाहीतर 'नापास'. सगळे शेरे बरोबर होते, पण एका ओळीत गुणांच्या जागी 'गैरहजर' असे लिहिलेले होते आणि त्यापुढे शेरा होता 'पास'!

"हा मुलगा तापाने आजारी होता, परीक्षेला आलाच नाही," बाई म्हणाल्या. "मग हा पास कसा? संगणक चुकला का?"

संगणक चुकला नव्हता. त्याला जो नियम घालून दिला होता तो त्याने काटेकोरपणे पाळला होता. तो नियम कोणता, तो कुठून आला आणि तो माहीत नसला तर काय होऊ शकते हे समजून घ्यायचे असेल, तर आपल्याला सुमारे साठ वर्षे मागे जावे लागेल. त्याआधी एका प्राथमिक गोष्टीकडे पाहू.

अंक आणि संख्या

'७' हे चिन्ह आणि सात ही संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्गात आपण हा फरक फारसा करत नाही, कारण माणसाला त्याची गरज पडत नाही. संगणकाला मात्र पडते. आपण कळफलकावर इंग्रजी 7 ची कळ दाबतो तेव्हा संगणकाकडे सात ही संख्या जात नाही, त्या चिन्हाचा सांकेतिक क्रमांक जातो. १९६३ साली ठरलेल्या 'अ‍ॅस्की' या संकेतात ० ते ९ या चिन्हांना ४८ ते ५७ असे क्रमांक दिलेले आहेत. म्हणजे 7 या चिन्हाचा क्रमांक ५५. आपल्या देवनागरी ७ ला 'युनिकोड' संकेतात आणखी वेगळा क्रमांक आहे, तो २४१३. या क्रमांकांची बेरीज करून काहीच हाती लागत नाही. बेरीज करायची तर चिन्हांच्या त्या माळेचे रूपांतर संख्येत करावे लागते. ते करायचे की नाही, हे आधी कोणीतरी ठरवावे लागते.

अंकांनी लिहिलेली प्रत्येक गोष्ट संख्या नसते. पुण्याचा एसटीडी कोड ०२० आहे. तो संख्या मानला तर सुरुवातीचे शून्य निरर्थक ठरते आणि उरतात फक्त वीस. त्या वीसला फोन लागत नाही. हजेरीक्रमांक, पिनकोड, आधार क्रमांक, बँकेतील खात्याचा क्रमांक ही सगळी अंकांत लिहिलेली नावे आहेत. ओळखण्याची खूण सोपी आहे. दोन पिनकोडांची बेरीज किंवा सरासरी काढून काही अर्थ निघतो का? निघत नसेल, तर ती संख्या नव्हे, तो मजकूर.

कागदी खतावणी लिहिणाऱ्या कारकुनाला हे कोणी शिकवावे लागत नव्हते. रकान्याच्या डोक्यावर 'खाते क्र.' लिहिले आहे की 'रुपये' हे पाहून तो समजत असे. संगणकाला हा रकान्याचा मथळा वाचता येतो, पण त्याचा अर्थ लागत नाही. आपली सारी गोष्ट या अडचणीभोवती फिरते.

फळ्यावरचा तक्ता

स्प्रेडशीट हा शब्द संगणकाच्या आधीचा आहे. हिशेबनीस समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेला मोठा तक्ता आखत, त्याला हे नाव होते. असा तक्ता संगणकावर मांडण्याची कल्पना रिचर्ड मॅटेसिच या हिशेबशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९६१ साली एका लेखात मांडली. १९६९ मध्ये रेने पार्डो आणि रेमी लांडाऊ या दोघांनी 'लॅनपार' नावाची प्रणाली तयार केली आणि बेल कॅनडासारख्या मोठ्या कंपन्यांनी ती अंदाजपत्रकांसाठी वापरली. त्यांनी १९७० मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, पण ते मिळायला १९८३ साल उजाडले. मात्र हे सारे मोठ्या, महागड्या संगणकांवरचे काम होते. सामान्य माणसापर्यंत ते पोचले नाही.

१९७८ साली डॅन ब्रिकलिन हा तरुण हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत होता. त्याआधी तो संगणक-आज्ञावली लिहिण्याचे काम करत असे. एकदा वर्गात प्राध्यापक फळ्यावर हिशेबाचा मोठा तक्ता मांडत होते. एखादी संख्या बदलली की तिच्यावर अवलंबून असलेल्या सगळ्या चौकटी पुसून पुन्हा लिहाव्या लागत. आपल्यापैकी प्रत्येक शिक्षकाने हे केलेले आहे! एक संख्या बदलली की बाकीच्या आपोआप बदलतील असा 'जादूचा फळा' का नसावा, असे ब्रिकलिनच्या मनात आले.

त्याने आपला एमआयटीतला मित्र बॉब फ्रँकस्टन याला बरोबर घेतले. प्रत्यक्ष आज्ञावली लिहिण्याचे काम फ्रँकस्टनने केले. तो बरेचसे काम रात्री करत असे, कारण भाड्याने मिळणाऱ्या मोठ्या संगणकाचा वेळ रात्री स्वस्त पडे. १९७९ च्या ऑक्टोबरपासून 'व्हिजिकॅल्क' या नावाने ही आज्ञावली अ‍ॅपल-२ या छोट्या संगणकासाठी विकली जाऊ लागली. तीत २५४ ओळी आणि ६३ रकाने होते. स्मृती इतकी अपुरी की एकेक बाइट जपून वापरावा लागे. अनेक लोकांनी केवळ व्हिजिकॅल्कसाठी संगणक विकत घेतला असे म्हणतात, आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नसावी.

पहिल्या कळीवर निर्णय

व्हिजिकॅल्कच्या कर्त्यांसमोर आपला मूळ प्रश्न लगेच उभा राहिला. तक्त्यातील काही चौकटींत 'भाडे', 'पगार' अशी नावे येणार, काहींत संख्या येणार आणि काहींत सूत्रे. वापरणाऱ्याला दर वेळी "हा मजकूर की संख्या?" असे विचारत बसले तर तो कंटाळून जाईल. म्हणून त्यांनी एक युक्ती केली. पहिली कळ कोणती दाबली यावरून निर्णय घ्यायचा. पहिले चिन्ह अक्षर असेल तर तो मजकूर, त्याला त्यांनी 'लेबल' म्हटले. अंक, अधिक-उणे चिन्ह, कंस किंवा दशांशचिन्ह असेल तर ते 'व्हॅल्यू', म्हणजे मूल्य. पडद्याच्या वरच्या पट्टीत चौकटीच्या नावापुढे कंसात 'एल' किंवा 'व्ही' असे अक्षर दिसे. संगणकाने आपल्या लिखाणाचा काय अर्थ लावला, हे वापरणाऱ्याला सदैव समोर दिसत होते. हा बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढे तो नाहीसा झाला.

या नियमाचे परिणाम गमतीचे होते. सूत्राची सुरुवात 'ए-१' अशा चौकटीच्या नावाने केली, तर पहिले चिन्ह अक्षर असल्यामुळे सारे सूत्र मजकूर ठरे. म्हणून सूत्रापूर्वी अधिक चिन्ह टाकायची पद्धत पडली. आजही जुने हिशेबनीस सूत्राची सुरुवात बरोबरच्या चिन्हाऐवजी अधिक चिन्हाने करताना दिसतात, ती सवय त्या काळातली. एक्सेलही ती निमूटपणे मान्य करते.

उलट बाजूचा परिणाम असा, की ५५५-१२१२ असा अमेरिकी फोन क्रमांक लिहिला तर पहिले चिन्ह अंक असल्यामुळे व्हिजिकॅल्क ती वजाबाकी समजून चौकटीत उणे ६५७ दाखवी. फोन क्रमांक क्रमांक म्हणूनच हवा असेल, तर आधी अवतरणचिन्ह टाइप करून "हा मजकूर आहे" असे सांगावे लागे.

एका चिन्हाचे दीर्घायुष्य

१९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आला आणि जानेवारी १९८३ मध्ये त्यासाठी 'लोटस १-२-३' ही स्प्रेडशीट आली. मिच केपोर आणि जोनाथन सॅक्स हे तिचे कर्ते. केपोर एके काळी भावातीत ध्यान शिकवत असे. 'लोटस' हे नाव त्याने पद्मासनावरून घेतले. लोटस १-२-३ ने व्हिजिकॅल्कला लवकरच मागे टाकले आणि १९८५ मध्ये व्हिजिकॅल्क बनवणारी कंपनीही विकत घेतली.

लोटसमध्ये प्रत्येक मजकुराच्या आधी एक खूण साठवलेली असे. एकेरी अवतरणचिन्ह म्हणजे डावीकडे लावलेला मजकूर, दुहेरी म्हणजे उजवीकडे, आणि टोपीसारखे चिन्ह म्हणजे मध्यभागी. वापरणाऱ्याने ही खूण टाकली नाही तर आज्ञावली स्वतः एकेरी चिन्ह टाकी. लोटसची विक्री आता थांबली आहे, पण ते एकेरी अवतरणचिन्ह टिकून आहे. एक्सेलच्या चौकटीत आधी हे चिन्ह टाइप करून मग ०२० लिहिले, तर शून्य जागचे हलत नाही. हे चिन्ह छापील कागदावर उमटत नाही. संगणकाला दिलेली ती एक सूचना आहे: पुढे आहे ते जसेच्या तसे ठेव, अर्थ लावू नकोस.

आणखी एक प्रश्न होता. सूत्रात चुकून मजकुराची चौकट आली तर काय करायचे? लोटसच्या सूत्रांत मजकुराची किंमत साधारणपणे शून्य धरली जाई. त्यामुळे हिशेब अडत नसे, पण उत्तर चुकू शकत असे आणि त्याचा पत्ताही लागत नसे. मायक्रोसॉफ्टने १९८५ साली मॅकिंटॉशसाठी आणि १९८७ साली विंडोजसाठी एक्सेल आणले, त्यात वेगळा मार्ग धरला. 'गैरहजर' अधिक ४० असे विचारले तर एक्सेल उत्तर देत नाही, 'व्हॅल्यू' अशी चुकीची खूण दाखवते. शिक्षकाच्या दृष्टीने हे चांगलेच आहे. चूक लपण्यापेक्षा दिसलेली बरी.

पण तुलनेच्या बाबतीत एक्सेलचा नियम निराळा आहे. निरनिराळ्या जातींच्या गोष्टी क्रमाने लावायच्या झाल्या तर आधी सगळ्या संख्या, त्यानंतर सगळा मजकूर, असा क्रम त्यात ठरवलेला आहे. यादी लावताना हा नियम सोयीचा पडतो. मात्र त्याचा अर्थ असा होतो, की कोणताही मजकूर कोणत्याही संख्येपेक्षा मोठा. मग 'गैरहजर' हा शब्द ३५ पेक्षा मोठा, इतकेच नव्हे तर दहा लाखांपेक्षाही मोठा! बाईंच्या तक्त्यातील तो आजारी मुलगा अशा रीतीने पास झाला होता. त्याच्या गुणांची चौकट कोरी ठेवली असती तर तुलनेत कोऱ्या चौकटीची किंमत शून्य धरली जाऊन तो नापास झाला असता. दोन्ही निकाल त्याच्यावर अन्याय करणारे. खरा शेरा तिसराच हवा होता: 'परीक्षा दिली नाही'.

बेरीज आणि सरासरी

हाच मुद्दा सरासरीच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. समजा, पाच विद्यार्थ्यांचे गुण असे आहेत: ४०, ३०, गैरहजर, ५०, २०. एक्सेलचे सरासरीचे सूत्र मजकूर आणि कोऱ्या चौकटी सोडून देते. १४० ला ४ ने भागून उत्तर येते ३५. कोणी 'गैरहजर' ऐवजी ० लिहिले तर १४० ला ५ ने भागले जाते आणि सरासरी २८ होते. सात गुणांचा हा फरक मुलांच्या अभ्यासाने पडलेला नाही, तो आपण काय लिहिले त्यामुळे पडला.

आता समजा, ५० ही संख्या कुठल्यातरी दुसऱ्या आज्ञावलीतून आणताना मजकूर म्हणून आली. दिसायला ती ५० च दिसते. सरासरीचे सूत्र मात्र तिला मजकूर समजून वगळते. उरलेल्या ४०, ३० आणि २० यांची सरासरी येते ३०. कुठेही चुकीची खूण नाही. गंमत म्हणजे त्याच चौकटीत अधिक चिन्हाने १ मिळवले तर एक्सेल त्या मजकुराचे संख्येत रूपांतर करून ५१ असे बिनचूक उत्तर देते. एकच चौकट, पण अधिक चिन्हासाठी ती संख्या आहे आणि बेरजेच्या किंवा सरासरीच्या सूत्रासाठी मजकूर. व्हिजिकॅल्कच्या पट्टीतील 'एल' आणि 'व्ही' ही अक्षरे असती तर हे लगेच उमगले असते. आता आपल्याकडे एक खूण उरली आहे. आपण मांडणी बदललेली नसेल तर मजकूर चौकटीच्या डाव्या कडेला चिकटतो आणि संख्या उजव्या. गुणांच्या रकान्यात एखादी संख्या डावीकडे सरकलेली दिसली, तर तिच्याकडे संशयाने पाहावे.

यादी लावतानाही असेच होते. हजेरीक्रमांक मजकूर म्हणून साठवले असतील तर ते १, १०, ११, २, २०, ३ अशा क्रमाने लागतात, कारण मजकूर पहिल्या चिन्हापासून तुलना करत लावला जातो. शब्दकोशात 'कमळ' हा शब्द 'खग' च्या आधी येतो, त्याची लांबी कोणी मोजत नाही, तसेच हे.

तारीख: वेषांतर केलेली संख्या

तारीख ही संख्या की मजकूर? दोन तारखांची बेरीज निरर्थक आहे, पण वजाबाकीला अर्थ आहे, कारण ती मधले दिवस देते. म्हणून लोटसच्या कर्त्यांनी तारीख ही संख्या म्हणून साठवली. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस, आणि तेथून पुढे एकेक दिवस मोजत जायचे. या मोजणीत १५ ऑगस्ट १९४७ चा क्रमांक १७,३९४ येतो आणि २६ जानेवारी १९५० चा १८,२८९. वजाबाकी केली की स्वातंत्र्यदिन आणि पहिला प्रजासत्ताक दिन यांच्यात ८९५ दिवसांचे अंतर आहे हे क्षणात कळते. चौकटीत आपल्याला तारीख दिसते, आत मात्र संख्याच असते.

या मोजणीत एक दिवस खोटा आहे! ज्या वर्षाला ४ ने भाग जातो ते लीप वर्ष हे आपण शिकवतो. पण १५८२ साली आलेल्या ग्रेगरी पंचांगानुसार शतकवर्षाला ४०० ने भाग जावा लागतो. म्हणून २००० हे लीप वर्ष होते, १९०० नव्हते. लोटसने १९०० हेही लीप वर्ष धरले आणि २९ फेब्रुवारी १९०० या कधीच न उगवलेल्या दिवसाला ६० हा क्रमांक मिळाला. ४ ने भाग जातो का एवढेच पाहणे संगणकाला फार सोपे असते, आणि १९०१ ते २०९९ या काळात तो सोपा नियम कधीच चुकत नाही.

एक्सेल आले तेव्हा लोटसमध्ये केलेले तक्ते त्यात जसेच्या तसे चालावेत ही व्यापारी गरज होती. म्हणून विंडोजवरील एक्सेलने ही चूक जाणूनबुजून स्वीकारली. २००८ साली या धाटणीच्या फायलींचे आंतरराष्ट्रीय मानक मंजूर झाले, त्यातही हा खोटा दिवस जपलेला आहे. चूक सुधारली असती तर आधीच्या कोट्यवधी तक्त्यांतील तारखा एका दिवसाने सरकल्या असत्या.

इतिहासाच्या शिक्षकांना यातली दुसरी मर्यादा अधिक जाणवेल. १९०० च्या आधीची तारीख एक्सेलला तारीख म्हणून कळतच नाही. सावित्रीबाई फुले यांची ३ जानेवारी १८३१ आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची १४ एप्रिल १८९१ या जन्मतारखा चौकटीत लिहिल्या तर त्या मजकूर म्हणून राहतात, त्यांच्यावर वजाबाकी चालत नाही. रामन परिणामाचा शोध जाहीर झाला त्या २८ फेब्रुवारी १९२८ ला मात्र १०,२८६ हा क्रमांक मिळतो.

जनुकांची नावे बदलली

व्हिजिकॅल्कमध्ये १०-२ असे लिहिले तर उत्तर ८ येई. एक्सेल ती वजाबाकी मानत नाही. भारतीय पद्धतीची मांडणी निवडलेल्या संगणकावर १०-२ ची १० फेब्रुवारी होते, अमेरिकी मांडणीच्या संगणकावर २ ऑक्टोबर. आणि आपल्याला हवी असते दहावीची दुसरी तुकडी! आमच्याच प्रयोगशाळेत एकदा नमुन्यांना ३-५, ३-६ असे क्रमांक दिले होते. म्हणजे तिसऱ्या पेटीतील पाचवी कुपी, सहावी कुपी. तक्ता पुन्हा उघडला तेव्हा सगळ्या कुप्यांच्या तारखा झाल्या होत्या. वहीत हाताने लिहिलेली नोंद होती म्हणून दिवसाचे काम वाचले.

हा प्रकार जगभर किती पसरला आहे याचा उलगडा जीवशास्त्रज्ञांमुळे झाला. माणसाच्या काही जनुकांची संक्षिप्त नावे 'सेप्ट-२', 'मार्च-१' अशी होती. 'सेप्ट' हे सेप्टिन या प्रथिनाच्या नावावरून आलेले. एक्सेल मात्र ते सप्टेंबर समजून त्याची २ सप्टेंबर करी. त्या वर्षी २०१६ साल असेल तर चौकटीत ४२,६१५ ही संख्या साठवली जाई आणि मूळ नाव नष्ट होई. नंतर चौकटीला "मजकूर" असे सांगितले तरी जनुक परत येत नसे, ४२६१५ तेवढे दिसे. २००४ साली एका शोधनिबंधाने या धोक्याकडे लक्ष वेधले. तारखांत बदलणारी किमान ३० जनुक-नावे त्यात नोंदवली होती. शिवाय एका जपानी संग्रहातील '२३१०००९ई१३' यासारख्या खुणांमधील 'ई' या अक्षरामुळे त्या दहाच्या घातांकातील संख्या समजल्या जात. २३१०००९ गुणिले दहाचा तेरावा घात!

इशारा दिला म्हणून चूक थांबली नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत जनुकांच्या एक्सेल-याद्या जोडलेले ३,५९७ शोधनिबंध तपासले गेले. त्यांतील ७०४ मध्ये, म्हणजे जवळजवळ पाचांपैकी एकात, अशी बिघडलेली नावे सापडली. हे शोधनिबंध तज्ज्ञांनी लिहिलेले होते आणि तज्ज्ञांनीच तपासलेले होते. शेवटी २०२० साली जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने नियमच बदलले. 'सेप्ट-१' चे 'सेप्टिन-१' झाले, 'मार्च-१' चे 'मार्चएफ-१'. हिशेबाच्या एका आज्ञावलीसाठी विज्ञानाने आपली भाषा बदलली. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने हे आपोआप होणारे रूपांतर बंद ठेवण्याची सोय एक्सेलमध्ये दिली. पण ती सोय आपण शोधून वापरावी लागते.

पंधरा अंकांची मर्यादा

चौकटीत संख्या आहे हे नक्की ठरले तरी ती पूर्णपणे अचूक असेल असे नाही. एक तृतीयांश दशमान पद्धतीत ०.३३३... असा न संपणारा लिहावा लागतो. द्विमान पद्धतीत हीच गत एक दशांशाची होते. फ्रँकस्टनने हे ओळखून व्हिजिकॅल्कमधील गणित दशमान पद्धतीनेच केले, म्हणजे हिशेबनिसाला कागदावर येते तेच उत्तर दिसेल. पुढच्या आज्ञावल्यांनी वेगासाठी द्विमान पद्धत घेतली. तिचे मानक १९८५ साली ठरले. एक्सेलमध्ये ४३.१ मधून ४३.२ वजा करून १ मिळवा आणि दशांशानंतर पंधरा स्थळे दाखवायला सांगा. उत्तर ०.९ येत नाही, ०.८९९९... असे काहीतरी येते.

या पद्धतीत एक्सेल जास्तीत जास्त पंधरा अर्थपूर्ण अंक ठेवते. बँकेच्या कार्डाचा सोळा अंकी क्रमांक संख्या म्हणून लिहिला तर शेवटचा अंक शून्य होतो आणि कार्ड दुसऱ्याच कोणाचे ठरते. बारा अंकी आधार क्रमांक पंधराच्या आत बसतो, पण साध्या चौकटीत तो दहाच्या घातांकात आखडून दिसतो. तक्ता त्याच अवस्थेत साध्या स्वल्पविरामाच्या, म्हणजे सीएसव्ही फाइलमध्ये साठवला, तर दिसतो तेवढाच भाग फाइलमध्ये जातो. शेवटचे अंक कायमचे गेले! शिष्यवृत्तीची यादी अशी पाठवली गेली, तर एखाद्या मुलाचे पैसे अडकायला तेवढे पुरे आहे.

दिसणे आणि असणे यांतला हा फरक गुणांच्या बाबतीतही असतो. दशांश न दाखवण्याची मांडणी निवडली तर ३४.६ हे ३५ असे दिसतात. तुलनेच्या सूत्राला मात्र ३४.६ च दिसतात आणि ३५ गुणांपुढे 'नापास' असा शेरा उमटतो. पालक विचारायला आले की उत्तर देणे कठीण होते.

वर्गात करून पाहण्यासारखे

हा सगळा इतिहास आठवी-नववीच्या मुलांना एका तासात अनुभवता येईल. संगणक नसला तरी चालेल, फळ्यावर दहा नोंदी लिहा: ०२०, ४११०३०, ३७.५, १०-२, गैरहजर, ०, कोरी चौकट, १४-४-१८९१, १५-८-१९४७ आणि एक सोळा अंकी क्रमांक. प्रत्येक नोंद संख्या, मजकूर की तारीख, हे मुलांना कारणासह ठरवू द्या. मग शक्य असेल तर त्याच नोंदी स्प्रेडशीटमध्ये लिहून यंत्राने काय ठरवले ते पाहा. मतभेद जिथे होतील तिथेच शिकण्यासारखे काही असेल.

स्वतःच्या कामासाठी आम्ही काही सवयी लावून घेतल्या आहेत. ज्या रकान्याची बेरीज करायची नाही, तो नोंदी करण्यापूर्वीच 'मजकूर' म्हणून ठरवायचा. गुणांच्या रकान्यात गुणच लिहायचे आणि हजेरीसाठी वेगळा रकाना ठेवायचा. शेऱ्याच्या सूत्राने आधी हजेरी पाहायची, मग गुण. तुकडी १०-२ न लिहिता '१०ब' लिहायची. तयार तक्त्यातील दोन-चार ओळी हाताने पडताळून पाहायच्या.

त्या बाईंनी चहाच्या सुट्टीतच हजेरीचा नवा रकाना आखला आणि सूत्र बदलले. त्या मुलापुढे आता 'फेरपरीक्षा' असा शेरा आला. मग त्यांनी मागच्या दोन वर्षांचे तक्ते उघडले आणि गुणांच्या रकान्यात 'गैरहजर' हा शब्द शोधायला सुरुवात केली.